कातीवर आलेलो तांबडो

सौदीतल्या अल-खोबरला समुद्राकडच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आमच्या वाडीतली शर्मिला राहते. नवरा बाळकृष्ण नाशिकचा, पेट्रोकेमिकलच्या प्लँटात इंजिनीयर. लग्नानंतर सासूने सांगून पाहिलं होतं, "आता जरा शुद्ध बोलायला शीक." शर्मिला म्हणाली, "माझा काय अशुद्ध आसा ता दाखवा, धुवन काढतंय." सासूने पुन्हा विषय काढला नाही. खालच्या बकाल्यातला, किराण्याचा बंगाली दुकानदार हिंदी बोलतो, अरबी बोलतो, आणि शर्मिला दिसली की स्वतःहून विचारतो, "कोथिंबीर व्हयी?"

अशा बाईच्या घरात साप आला तो लेकीमुळे. नूपुरने हट्ट करून कॉर्न स्नेक आणला, काचेच्या पेटीत ठेवला, आणि स्वतः पुण्याला कॉलेजात निघून गेली. साप बिनविषारी, केशरी-तांबूस, हातभर लांबीचा. नूपुरने नाव ठेवलं होतं रस्टी. शर्मिलाने एकदा रंग बघितला आणि म्हणाली, "तांबडो." तेच राहिलं. फ्रीजरमधला उंदीर ऊन पाण्यात भिजत घालून चिमट्याने त्याच्यासमोर धरायचं काम तिने असं उचललं की जसे काही बांगडेच साफ करायचेत. बाळकृष्ण मात्र फ्रीजरचा तो कप्पा आजही उघडत नाही.

ऑगस्टात तांबड्याने उंदराकडे तोंड फिरवलं. अंग निस्तेज झालं, तळायच्या आधी पिठात घोळवलेल्या मासळीसारखं. मग डोळ्यांवर निळसर दुधाळ साय आली. दिवसभर लाकडाच्या ढोलीत पडून, जवळ गेलं तर फुत्कार.

आमच्याकडे तापाच्या माणसाला गार पाणी दाखवत नाहीत. शर्मिलाने तेच केलं. पेटीतली पाण्याची वाटी उचलली, खाली सुका टॉवेल अंथरला. वरून एसीचा वारा होताच. दोन दिवसांत तांबड्याच्या अंगाला सुरकुत्या पडल्या.

"अगं, आंधळा झालाय तो," बाळकृष्ण म्हणाला. "खात नाही, पीत नाही. संपलाय."

"संपलो तर फुत्कारता कोण? तुम्ही?"

वरच्या मजल्यावरची श्रुती खाली आली ती नाकाला ओढणी लावूनच. दोन लहान मुलांची आई, तिचंही काही चुकत नव्हतं. "वहिनी, मी वाचलंय, सापांचं इन्फेक्शन माणसांना होतं. माझी मुलं तुमच्याच दारावरून जातात."

"दारावरसून जातत. पेटयेतसून नाय," शर्मिला म्हणाली.

श्रुती तडक हारिसाकडे गेली. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार, त्याचा शब्द मालकापर्यंत जातो. संध्याकाळी बाळकृष्णाने पक्ष्यांच्या बाजारातल्या कादिरला फोन लावला. कादिर मासे, पोपट, कासवं, साप असं सगळं विकायचा. शुक्रवारी येऊन घेऊन जातो म्हणाला. शर्मिलाने फोन हातातून काढून घेतला.

"कादिरभाई, बीमार साँप का क्या करते हो?"

"भाभी, बीमार साँप कौन लेगा? खलास कर देते हैं."

तिने फोन नवऱ्याच्या हातात परत दिला. "आयकलात? शुक्रवारी तेका मारूक पाठवतास. चेडवाक काय सांगतलास?"

मग तिनेच लेकीला व्हिडिओ कॉल केला.

"मम्मा, शेडिंग असू शकतं, किंवा सिक पण असेल," नूपुर म्हणाली. "कॅमेऱ्यात सगळंच डल दिसतं. यू हॅव टू चेक. पाण्याची वाटी कुठंय?"

"काढलंय. सर्दी जायत म्हणान."

"मम्मा! कात टाकताना त्याला ओल लागते! सुका ठेवलास तर चामडी अंगालाच चिकटून बसेल."

शर्मिला रागाने काहीतरी बोलणार होती, पण तिची नजर स्वतःच्या टाचांकडे गेली. खोबरला आल्यापासून एसीच्या वाऱ्याने टाचा अशा फाटल्या होत्या की खोबरेल चोळूनही भरत नव्हत्या. गावी दगडी गडग्यात, कौलांत सापाची कात तिने किती वेळा बघितली होती. पण ती कात टाकणारा साप तिने कधी बघितला नव्हता, आणि तिथल्या हवेत ओल नसेल असा प्रश्नच कधी आला नव्हता.

"बरां," ती म्हणाली. "चुकलंय. आता काय बघू ता सांग."

लेक सांगत गेली, आई बघत गेली. डोळे दोन्ही सारखेच दुधाळ. एकच असता तर दुखणं असतं. नाकातोंडाशी फेस नाही, बुडबुडा नाही. तोंड वासून श्वास घेत नाही. कानाजवळ धरला तर छातीत घरघर नाही. पोटाकडचे खवले स्वच्छ, कुठे फोड नाही, घाण वास नाही. आणि मनगटाला घातलेला वेढा असा घट्ट की बांगडी रुतली.

"आजारी माणूस असो धरीत नाय," शर्मिला म्हणाली. "कातीवर इलोहा तो."

"प्रॉबॅब्ली. आता ठेव त्याला. सारखा हाताळू नको. आणि डोळे साफ होईपर्यंत वाट बघ, ते आधी साफ होतात, कात मागाहून. पण फेस दिसला ना, तर सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे."

"फेस दिसलो तर डॉक्टर. कादिर नाय."

पेटी उचलून तिने आतल्या बाथरूममध्ये नेली. तिथे एसी नाही, हवा दमट. खजुराच्या प्लास्टिकच्या डब्याला भोक पाडून आत ओला पंचा घातला, पाण्याची वाटी परत ठेवली, आणि दाराला बाहेरून कडी.

सकाळी बाळकृष्ण तोंडाला साबण लावून उभा. "शर्मिला, मी दाढी कुठं करू?"

"सिंकात. भांडी घासून ठेवलंय."

"मी इंजिनीयर माणूस, स्वयंपाकघरात दाढी?"

"इंजिनीयरांची दाढी येगळी वाढता काय?"

शुक्रवारी कादिर झाकणाचा डबा घेऊन आला. शर्मिलाने बाथरूमचं दार उघडून दाखवलं. तांबड्याचे डोळे त्या सकाळीच निवळले होते. अंग अजून पिठुळ, पण डोळे काळेभोर. ओल्या डब्यातून तोंड बाहेर काढून जीभ लपलपवत होता.

कादिर खूश झाला. "अरे, ये तो ठीक है! मैं ले जाता हूँ, भाभी. दुकान में रख लूँगा."

बाळकृष्णालाही हायसं वाटलं. "बघ, आता तो मरणार नाही. विकला जाईल, कुणीतरी पाळेल. आता द्यायला काय हरकत?"

"मरता म्हणान देवचो, आणि बरो झालो म्हणानय देवचो?" शर्मिला बाथरूमच्या दारात आडवी उभी राहिली. "तुमका देवचोच आसा. कारण सांगा, निमित्त नको."

बाळकृष्णाने मान खाली घातली. "हारिसाने मालकाला सांगितलंय. घराचा करार संपत आलाय. तक्रार राहिली तर तो पुढं देणार नाही."

"मगे ह्या पयला सांगूचा होता. सापाक कित्याक आजारी पाडलात?"

तिने कादिरला चहा दिला. दुधाचा, भरपूर साखरेचा, त्यात काही कमी केलं नाही. चहा संपला तसा रिकामा डबा त्याच्या हातात दिला. "यल्ला, चलो, कादिरभाई. साँप नहीं मिलेगा."

तांबड्याने कात टाकली ती दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर. पेटीतल्या दगडावर नाक घासलं, ओठाशी चामडी सुटली, आणि मोजा उलटा काढावा तसा तो स्वतःतून बाहेर सरकत गेला. आतला रंग असा की बाळकृष्ण बशी हातात घेऊन दारातच उभा राहिला. शर्मिलाने कात सिंकात पाण्यावर पसरून उजेडात बघितली. डोळ्यांवरच्या दोन्ही पारदर्शक टिकल्या जागच्या जागी. फक्त शेपटीच्या टोकाची चामडी सापाच्या अंगालाच राहिली होती, सुका ठेवल्याची शिक्षा. ती तिने ओढली नाही. ओल्या पंच्यात राहू दिली, तिसऱ्या दिवशी आपसूक गळली. त्याच दिवशी त्याने उंदीर गिळला.

बातमी वर गेली. श्रुती पुन्हा आली, या वेळी ओढणी खांद्यावर.

"वहिनी, सासूबाईंचा फोन होता. म्हणाल्या, सापाची कात पर्समध्ये ठेवली की बरकत येते. एवढासा तुकडा मिळेल?"

शर्मिलाने तिच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. "साप घरात नको, आणि कात पर्समध्ये व्हयी? इन्फेक्शन खंय गेला गो?"

"मला काय माहीत होतं, वहिनी? डोळे तसे पांढरे बघून घाबरले मी."

"घाबारलंस तर माका इचारूचा होता. हारिसाक कित्याक सांगलंस?" तिने खुंटीवरचा अबाया काढून गाऊनवर चढवला. "चल खाली. जी तक्रार केलंस ती तुझ्या तोंडान मागे घे. मगे तुकडो."

"आत्ता?"

"नाय, मालक करार फाडतलो तेवा."

दोघी लिफ्टने खाली गेल्या. हारिस खुर्चीत पेंगत होता. श्रुतीने अर्धं हिंदी, अर्धं हातवाऱ्यांनी सांगितलं की साप बरा आहे, तक्रार नाही, मालकाला तसं कळवा. हारिसाने शर्मिलाकडे बघितलं. "खलास?"

"तिका इचार," शर्मिला म्हणाली.

"खलास," श्रुती म्हणाली.

हारिसाने त्यांच्यासमोरच मालकाला फोन लावला. तो फोन ठेवीपर्यंत शर्मिला हलली नाही. मग वर येऊन तिने कातीचा मधला भाग चार बोटं कापून श्रुतीच्या हातावर ठेवला. डोळ्यांकडचा भाग नूपुरसाठी वहीत दाबून ठेवला, आणि बाळकृष्णाला ओरडून सांगितलं की बाथरूम मोकळं नाही, पेटी तिथेच राहील.