खाणीतलं कोरं फडकं

निजामाच्या अमदानीत हट्टा गावी आमच्या खळ्यावर एक म्हातारा मजुरीला यायचा. कोळशाच्या खाणीतून परतलेला, एका वाक्यात दोनदा खोकणारा. तूर उफणायला घेतली की फडकी भिजवून सगळ्यांच्या नाकातोंडावर स्वतः बांधायचा. "धूळ आत जाऊ देऊ नका," म्हणायचा. स्वतःचं तोंड मात्र उघडंच. मला काही उमगेना.

एकदा विचारलं, "बाबा, तुमी काहून बांधत न्हाई?"

"आता बांधलं की दम कोंडतो."

"मग खाणीत काय करत होता?"

त्यानं हातातलं फडकं पिळलं. "तिथं बी सायबानं दिल्तं, नाकाला बांधायला. चांगलं कोरं फडकं. आमी त्यात भाकर बांधली."

मी हसणार, तेवढ्यात त्यानं ते ओलं फडकं माझ्या तोंडावर बांधलं.