मास्तरणीचं पोस्टर

घरात तिला मास्तरीण म्हणत. लहानपणी ती उशा ओळीने मांडून त्यांना पाढे शिकवायची, एखादी उशी कलंडली की त्या उशीला बोलणी खावी लागत. तेव्हापासून चिकटलेलं नाव. पुढे ती खरोखरच विद्यापीठात संशोधनाला लागली, तेव्हा तिची थोरली बहीण शेजारीपाजारी सांगत सुटली, "आमची मास्तरीण आता मास्तरांना शिकवणार!"

आईवडील लवकर गेले होते. ताई पोरवयातच कापडगिरणीत मागखात्यात लागली आणि तिच्या पगारावर मास्तरीण शिकली. मागांच्या खडखडाटात ताईचे कान हळूहळू गेले. आधी पाखरं गप्प झाली, मग दारावरची टकटक, मग माणसं. मागखात्यात सगळ्या बाया तशाही एकमेकींच्या ओठांवरूनच बोलत, त्यामुळे ओठ वाचण्यात ताई तरबेज. बहिणीचे ओठ तर ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचायची. तिच्यासमोर मनातल्या मनात पुटपुटायचीही सोय नव्हती.

मास्तरणीने संशोधनाला विषय घेतला तो हाच, मागखात्यातल्या बायकांचे कान. तिच्या गाईड सरांनी खटपट करून गिरणीची परवानगी आणली. ताईने एकेकीला समजावून तपासणीला आणून बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. कितीतरी जणी बटणावर अंगठा ठेवून नुसत्या वाट पाहत बसत आणि शेवटी विचारत, "सुरू कधी करणार?"

शेजारच्याच, पण मागांचा आवाज नसलेल्या पॅकिंग खात्यातल्या बायका तपासल्यावर चित्र लख्ख झालं. वय तेच, वस्ती तीच. पण पॅकिंगवाल्यांचे कान शाबूत आणि मागवाल्यांचे गेलेले. दोन्ही रेषा एका आलेखावर आल्या तेव्हा मास्तरीण कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. संशोधकांच्या परिषदेत लावायच्या पोस्टरवर मधोमध तिने हाच आलेख घेतला.

पोस्टर छपाईला जायच्या आधी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"पॅकिंगवाला आलेख काढून टाका."

"सर, मग उरतं काय?"

"बरंच उरतं. गिरणीला आधी दाखवायचं मी कबूल केलंय, आणि त्यांना तो नकोय. उद्या त्यांनी दार लावून घेतलं तर तुमच्यामागून येणाऱ्यांनी कुठं जायचं? निष्कर्षात 'संबंध असू शकतो' असं लिहा. यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं, हीच तर मेख होती. मास्तरणीने आलेख काढला. मोकळ्या जागेत गिरणीच्या फाटकाचा फोटो बसवला.

परिषदेला ताई रजा टाकून आली, ठेवणीतले कपडे घालून. मोठ्या दालनात फळ्यांच्या रांगा, त्यांवर पोस्टरं आणि प्रत्येक पोस्टरपाशी एकेक जण ओठांतल्या ओठांत घोकत उभा. मास्तरणीच्या पोस्टरचा खालचा कोपरा टेपला दाद देत नव्हता, सारखा वर वळायचा. ताईने तो तळव्याने दाबून धरला.

"यात मी कुठे आहे गं?" तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला कळत नसे. अर्धं दालन वळून बघायला लागलं. मास्तरणीने उरलेल्या आलेखातल्या, मागखात्याच्या ठिपक्यांतला एक ठिपका दाखवला.

"एवढीशी?" ताई खुदकन हसली.

तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. मागोमाग सरही येऊन उभे राहिले. बाईंनी पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं आणि सरळ विचारलं, "म्हणजे मागांच्या आवाजानेच यांचे कान गेले, असं तुमचं म्हणणं आहे?"

मास्तरणीने सरांकडे बघितलं. म्हणाली, "तसं खात्रीने म्हणता येणार नाही. वयामुळे असेल. कुणाच्या घरातच तो आजार असेल."

ताई तिच्या ओठांकडे बघत होती. तिने कोपऱ्यावरचा हात काढला आणि दालनाबाहेर निघून गेली.

संध्याकाळी घरी तिने एवढंच विचारलं, "आपल्या घरात कुणाला होता गं तो आजार?" आणि उत्तर वाचायला न थांबता तोंड फिरवलं. ऐकू न येणाऱ्या माणसाने तोंड फिरवलं की बोलणं संपतं, मग समोरच्याने कितीही ओरडावं.

दुसऱ्या दिवशी निवडक पोस्टरांवर छोटी भाषणं होती. त्यात मास्तरणीचं नाव होतं. सकाळी तिने स्लाइडमध्ये काढलेला आलेख परत घातला. सर पहिल्याच रांगेत होते. आलेख पडद्यावर आला आणि ती म्हणाली, "हा काल पोस्टरवर नव्हता. तो काढायला नको होता. या बायकांचे कान मागांच्या आवाजाने गेले आहेत. त्यांतली एक माझी बहीण आहे."

सर उठून गेले. टाळ्या पडल्या, प्रश्न आले, पेपरातही चार ओळी छापून आल्या. ताई मात्र तिथं नव्हती. ती कामावर गेली होती.

महिन्याच्या आतच गिरणीने कामगारांच्या सुरक्षेच्या नावाखाली सगळ्यांचे कान तपासून घेतले. ज्यांना धोक्याची घंटा ऐकू येत नाही, त्यांना मशीनपाशी ठेवता येणार नाही, असं सांगून मागखात्यातल्या निम्म्या बायका घरी बसवल्या. कान कशाने गेले, हे कुणी विचारलंच नाही. कमी केलेल्यांत ताईही होती.

त्या बायका घरी आल्या. एकजण दारातूनच मास्तरणीला म्हणाली, "तुझ्या ताईच्या शब्दाखातर आम्ही कान पुढे केले, आणि तू आमच्या पोटावर पाय दिलास!" ताई उंबऱ्यावर उभी राहून प्रत्येकीचं तोंड वाचत होती. शेवटच्या बाईचं बोलून होईपर्यंत तिने दार लावलं नाही.

सरांनी मास्तरणीचं काम सोडून दिलं, आणि त्या विषयाला हात लावायला दुसरा गाईड मिळाला नाही. ती आता एका इस्पितळात लहान मुलांचे कान तपासते. ताई एका लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. वाफेने डोळे चुरचुरतात, पगार कमी आहे. काही बायकांनी गिरणीवर दावा लावला आहे, तारखा पडताहेत.

एकदा जेवताना मास्तरणीने धीर करून विचारलं, "ताई, मी त्या दिवशी बोलले नसते तर?"

ताईने घास चावून संपवला. "तर मी अजून मागावर असते," ती म्हणाली. मग बहिणीच्या ताटात वाढत पुढे म्हणाली, "आणि तुझ्याशी बोलत नसते."