कुंपणाअलीकडचा पांढरा पाइन

मी कॅनडाला निघालो त्या दिवशी माझे वडील, आप्पा, परभणी स्टेशनवरच्या बाकड्यावर बसून होते. ताडकळसच्या शाळेतले गुरुजी ते. चारचौघांत रडणं त्यांना पटत नसे. आई मात्र खिडकीला धरून गाडीबरोबर चालत राहिली. "थंडीत डोकं झाकत जा," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आप्पा बाकड्यावरून उठलेले काही मला दिसले नाहीत. पुढे आई गेली तेव्हा मी कॅनडातून पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं.

हे लिहितोय ते गावी राहिलेल्यांसाठी, कारण तुम्हाला वाटतं की इतक्या लांब आलं म्हणजे मागचं सगळं सुटतं. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. तुम्हाला हे ठाऊक असेल, पण आपण ते एकमेकांना सांगत नाही.

इथे आल्यावर नवव्या वर्षी आम्ही टोरांटोपासून दोन तासांवरच्या एका लहान शहरात घर घेतलं. नवी वसाहत, सगळी घरं एकसारखी, अंगणात झाडाचा पत्ता नाही. पहिल्याच शनिवारी मी आणि बायको, वंदना, नर्सरीत गेलो. दोन जातींचे पाइन पसंत पडले, घ्यायचा होता एक. ठरेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "हे लय कोवळं दिसायलंय गं. टिकंल का इथं?"

मी वळून विचारलं, "परभणी?"

"राणीसावरगाव," तो माणूस म्हणाला. त्याचं नाव विलास, बरोबर बायको सीमा. आठ दिवसांपूर्वी ते राहायला आले होते, आणि घर निघालं आमच्या अगदी शेजारचं. कुंड्यांच्या मधोमध उभं राहून आम्ही मिठी मारली. नर्सरीतली बाई बघत राहिली.

त्याने काळा पाइन घेतला, मी पांढरा. पांढऱ्याच्या सुया पाच-पाचच्या झुबक्यात, मऊ, निळसर हिरव्या, हात फिरवत राहावं अशा. वाढतोही झपाट्याने. पण त्याला भुसभुशीत, पाणी न धरणारी, किंचित आंबट माती लागते. बर्फ वितळावा म्हणून इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, ते तर त्याला मुळीच सोसत नाही. काळ्याच्या सुया दोन-दोनच्या, लांब आणि टोचऱ्या. चिकण माती, चुनखड, धूर, मीठ, त्याला सगळं चालतं. मात्र दाटीत लावला, हवा खेळली नाही, की बुरशी लागून खालच्या फांद्यांची टोकं तपकिरी पडून मरतात. हे मी नंतर शिकलो. आमची माती चिकण होती, तरी मी पांढरा लावला, तोही रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावा म्हणून.

आमचं आडनाव जाधव. ते ऐकून विलासने मनाशी जे धरायचं ते धरलं. एकदा त्याच्या बेसमेंटमध्ये मॅच बघत असताना म्हणाला, "बरं झालं, आपल्यातलेच शेजारी मिळाले. न्हाईतर आता इकडं पण कोण कोण यायलंय." मी हसलो. वंदनाने ते ऐकलं, आणि दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, पण तशी ती इथे गोऱ्यांच्या घरातही शोभेला असते. दीक्षाभूमीचा फोटो मी आत बेडरूममध्ये लावला होता. तो तिथे का लावला, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. सीमाचे धपाटे आमच्याकडे, वंदनाची येसर आमटी त्यांच्याकडे, अशी तीन वर्षं गेली.

मग आप्पा सहा महिन्यांसाठी आले. विमानतळावरून घरी येताना मी गाडीत म्हणालो, "आप्पा, शेजारी आपल्याच जिल्ह्यातले आहेत. त्यांना नुसतं नमस्कार म्हणा."

आप्पा जन्मभर सगळ्यांना जय भीम म्हणत आले होते. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनाही. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरं."

आणि विलास भेटायला आला तेव्हा त्यांनी हात जोडून नमस्कार केला. माझ्या जिवात जीव आला. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

तो एप्रिल होता. माझा पाइन रस्त्याकडच्या बाजूने पार करपला होता. आप्पांनी पाइन जन्मात पाहिला नव्हता, पण त्यांनी बुंध्याजवळची माती उकरून मुठीत दाबून पाहिली. "ही तर आपल्या काळ्या मातीची बहीण हाय. मुळ्या गुदमरायल्यात ह्याच्या." मग आम्ही तिघांनी, आप्पा, मी आणि विलासने, ते झाड मातीच्या गड्ड्यासकट काढलं, गोणपाटात बांधलं आणि मागच्या अंगणात नेलं. तिथे वाळू आणि कुजलेला पाला मिसळून उंचवटा केला आणि त्यावर ते लावलं. विलासच्या पाइनला आप्पांनी वेगळं औषध सांगितलं. "ओल टिकवायला घालतात त्या सालींचा ढीग बुंध्याशी घालू नका, विलासराव. वीतभर मोकळी जागा ठेवा, न्हाईतर बुंधा सडतोय." मे महिन्यात शेंड्यांवर मेणबत्त्यांसारखे कोंब आले, तेव्हा झाड दाट व्हावं म्हणून ते अर्धे अर्धे खुडायला दोघं मिळून बसले. काम झाल्यावर विलास वाकून आप्पांच्या पाया पडला. "गुरुजी, शाळेतले दिवस आठवले बघा," म्हणाला.

जुलैमध्ये विलासची आई आली. वंदनाने सगळ्यांना चहाला बोलावलं. काकू बोलक्या होत्या. कप हातात घेऊन त्यांनी सहज विचारलं, "गुरुजी, तुमी कोणते जाधव म्हणायचे? आमच्या गंगाखेडकडं पण लय जाधव हाईत."

मी म्हणालो, "काकू, चहात साखर बरोबर आहे ना?"

आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमी बौद्ध."

काकूंनी कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. विलासने आप्पांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. सीमाने अंगणात खेळणाऱ्या आपल्या मुलांना हाका मारायला सुरुवात केली. पाच मिनिटांत ते उठले.

भांडण काही झालं नाही. धपाटे बंद झाले, मॅच बंद झाली. दर वर्षी त्यांच्या गणपतीत आरतीला आम्ही असायचो. त्या वर्षी बोलावणं आलं नाही. एकदा विलास अंगणात पाणी घालताना दिसला, तेव्हा मी जाऊन विचारलंच. तो पाइपाकडे बघत म्हणाला, "तू आधी सांगायला पायजे होतं. आई जुन्या वळणाची हाय."

"सांगितलं असतं तर?"

"तसं न्हाई रे," तो म्हणाला आणि पाणी बंद करून घरात गेला. सप्टेंबरच्या शेवटी त्याने दोन्ही अंगणांच्या मध्ये सहा फुटी लाकडी कुंपण घातलं.

ऑक्टोबरमध्ये आप्पा परत निघाले. बॅग भरताना मी म्हणालो, "त्या काकूंचं मनावर घेऊ नका."

"तिचं काय," आप्पा म्हणाले. "अशी माणसं मी जन्मभर बघितली. तिनं तोंडावर विचारलं, मी तोंडावर सांगितलं. पण तू मला गाडीत गप बसवलंस. इतक्या वर्षांत गावात मला कुणी गप बसवलं न्हवतं." शर्टाची घडी नीट बसत नव्हती, ती त्यांनी मोडून पुन्हा घातली.

त्यानंतर ते आले नाहीत. तिकीट पाठवतो म्हटलं की गुडघे दुखतात म्हणतात.

दोन वर्षांनी विलास घर विकून दुसऱ्या शहरात गेला. जाताना भेटला नाही. कुंपणाने हवा अडली, आणि त्याच्या काळ्या पाइनच्या आमच्याकडच्या फांद्यांची टोकं मरायला लागली. नव्या मालकाला मी सांगितलं, कोरड्या दिवशी मेलेल्या फांद्या काप, कात्री दर वेळी स्पिरिटने पूस, गळालेल्या सुया गोळा करून टाक. त्याने ऐकलं, झाड सावरतंय. माझा पांढरा पाइन कुंपणाच्या वर गेला आहे. जमीन गोठण्याआधी मी त्याला दर वर्षी भरपूर पाणी देतो. दीक्षाभूमीचा फोटो वंदनाने हॉलमध्ये आणून लावला. मला तिने विचारलं नाही.

मी वर्षाआड ताडकळसला जातो. आप्पा बाजारातून माझ्यासाठी ताजी भाजी आणतात, पलंगावर धुतलेली चादर घालतात, पाण्याची बाटली विकत आणून ठेवतात. सगळं पाहुण्यासारखं. माझ्या नोकरीची, मुलीच्या शाळेची चौकशी करतात. कॅनडातल्या घराविषयी एक शब्दही विचारत नाहीत. गावात कोण आलं, कोण गेलं, ते शेजाऱ्यांना मोकळेपणाने सांगत असतात, आणि मी खोलीत आलो की बोलणं जरा जपून होतं. घर कशाला म्हणायचं, असं हल्ली कुणी विचारलं की मला ती खोली आठवते.

आणि पोहोचल्याच्या पहिल्याच दिवशी, चहा पुढे ठेवताना ते विचारतात, "परत कधी निघायलास?" आई हेच विचारायची तेव्हा तिला मी राहायला हवा असायचो. आप्पांना तारीख हवी असते. मी सांगतो, आणि ते कॅलेंडरवर खूण करतात.