मस्कतच्या रस्त्यावरच्या वहिनी

ट्रॅव्हल एजंटने भाडं सांगितलं की वहिनी रिसीव्हर आपटत. मग माझ्याकडे वळून म्हणत, "बाराशे दिरहॅम. म्हणजे चौदा हजार. शाळांना सुट्टी लागली म्हणून? विमान काय जास्त उंच उडतं?"

शारजात, अल नहदाला त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. शाळेत गणित शिकवत आणि सतत चिडलेल्या असत. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं एखादं माणूस असेल, लिफ्टमध्ये भेटलं की आपण उगाच सरळ उभे राहतो.

मस्कतहून मुंबईचं भाडं बरंच कमी पडे. म्हणून दर जुलैत वहिनी नवरा, दोन मुलं आणि जेवणाचे डबे जुन्या मोठ्या गाडीत कोंबून हत्ताच्या डोंगरातून ओमानची सीमा ओलांडत आणि मस्कतहून विमान धरत. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दरवेळी नापास होत. ते शेजारी बसून संत्री सोलत. वहिनी ट्रकवाल्यांवर, उन्हावर आणि भाऊंच्या संत्र्यांवर सारख्याच ओरडत.

एका वर्षी पुण्याला माझ्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. इथून मी, नवरा आणि मुलगी अशा तिघांचं भाडं आम्हाला झेपणारं नव्हतं.

"आमच्याबरोबर चला," वहिनी म्हणाल्या. "बॅगा कमी आणा."

सीमेवरच्या अधिकाऱ्याने माझ्या नवऱ्याचा पासपोर्ट दोनदा उलटून पाहिला. ठरावीक हुद्द्यांनाच तिथे व्हिसा मिळे, आणि याच्या व्हिसावर लिहिलं होतं सेल्समन. सहा वर्षं तो कंपनीचे हिशेब सांभाळत होता. हुद्दा बदलला तर पगार वाढवावा लागेल, म्हणून कंपनीने तो बदललाच नव्हता. मी आणि मुलगी त्याच्याच व्हिसावर. वहिनींनी हिंदीत, इंग्रजीत वाद घातला. अधिकाऱ्याने छातीवर हात ठेवला. "खलास, मॅडम. तुम्ही जा. हे तिघं परत."

"सॉरी वहिनी," नवरा म्हणाला. "आमच्यामुळे तुम्हाला..."

"तुम्ही कशाला सॉरी म्हणताय? ज्यांनी तो शब्द लिहिला ते एसीत बसलेत."

परत जायला तिथे काही वाहन नव्हतं. वहिनींचा मुलगा म्हणाला, "मम्मी, वी विल मिस द फ्लाइट." मागून एक मल्याळी कुटुंब मस्कतला निघालं होतं. त्यांच्या गाडीत वहिनींनी मुलांना आणि भाऊंना बसवलं.

"आणि तू?" भाऊंनी विचारलं.

"मी काय? ही गाडी तुम्ही चालवणार आहात?"

परतीच्या रस्त्यावर त्या आमच्या कंपनीला शिव्या देत होत्या. मध्येच थांबून विचारलं, "ऑपरेशन कधी आहे?"

"परवा सकाळी."

गाडी जोरात पळाली. घरी न जाता थेट सोनाराकडे. तिथे माझ्या दोन बांगड्या गेल्या. मग एजंटकडे. मला आणि मुलीला जागा मिळेपर्यंत त्या काउंटरपुढून हलल्या नाहीत.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वडील भेटले. वाळलीस, म्हणून मलाच रागावले. ऑपरेशननंतर ते शुद्धीवर आले नाहीत.

वहिनींना त्या वर्षी परवडेल असं तिकीट मिळालंच नाही. सुट्टीभर त्या एकट्या राहिल्या. परत आल्यावर मी काही बोलू लागले तर म्हणाल्या, "आभार मानू नकोस, डोकं फिरतं माझं. नवऱ्याचा हुद्दा बदलला का ते सांग."

तो बदलला नव्हता.

पुढे भाऊंच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात भाऊंची नोकरी गेली. घरातले सगळे त्यांच्याच व्हिसावर, महिन्याभरात देश सोडायचा होता. आम्ही शारजा विमानतळावर पोचवायला गेलो. वहिनींनी तिकिटं माझ्यापुढे धरली.

"बघ. रजेला जायचं तिकीट मागितलं की दरवर्षी कंपनीकडे बजेट नसायचं. हाकलायचं ठरल्यावर चार तिकिटं दोन दिवसांत आली. इथूनच, थेट मुंबई."

मी त्यांचा हात धरला. भाऊ आणि मुलं आत जाऊन थांबली होती.

"सोड आता, उशीर होतोय," त्या म्हणाल्या. मी सोडला होता. त्यांनीच धरून ठेवला होता.