सूर नदीतला शिंगाळा

काल मोहाडीच्या बाजारात मिशांचा शिंगाळा मासा दिसला आणि लग्नानंतरचा पहिला महिना आठवला. माझं माहेर लाखांदूरकडे, चुलबंद नदीच्या काठी. इथली सूर नदी मला परकी होती. करमेना, म्हणून एका दुपारी सासऱ्यांचा गळ घेऊन एकटीच नदीवर गेले. शिंगाळा लागला, पण सोडवताना त्याचा काटा तळहातात रुतला.

रडतच घरी आले. सासूबाईंनी माझा हात गरम पाण्यात धरला. मग म्हणाल्या, "एकटी काहून गेली वं? मले सांगतलं असतं तं मीबी आली असती."

मला ते रागावणं वाटलं. त्या तेव्हा जेमतेम चाळिशीच्या होत्या. आज मी त्याहून मोठी आहे, आणि कळतं की त्यांना खरंच यायचं होतं.