सायझिंगमागची माती

भिवंडीच्या एका सायझिंगच्या कारखान्यात एक काका खळ शिजवायचे. लूमवर चढवण्याआधी सुताला लावतात आणि कापड विणून झाल्यावर धुऊन काढतात ती स्टार्चची खळ. तिथल्या गटाराकाठच्या आंबूस मातीत खळ खाणारे जिवाणू सापडतील, असं आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी माती मागायला गेले, तेव्हा काकांनी स्वतः वाकून डबी भरून दिली.

"खळ लावनार आम्ही आनि काढनार तुझे किडे? आमच्याच घरचं खाऊन आमच्यावर उठलेत की!" असं म्हणून ते हसले. बोलताना ते अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळत राहायचे, हातात खळ नसली तरी.

मी घरातली पहिली पदवीधर. कुणी केलेली मदत मला विसरता येत नाही. जिवाणूंची ऊब, आंबटपणा, खाद्य बदलत बदलत अखेर खळ विरघळवणारं एन्झाइम भरपूर मिळू लागलं. त्यात धुतलेला कापडाचा तुकडा घेऊन मी धावत त्यांच्याकडे गेले.

सायझिंग बंद झालं होतं. भट्टी मोडून मजूर गोदामासाठी फरशी घालत होते. काका फाटकाशी नुसते बसले होते. त्यांनी तुकडा दोन बोटांत चोळला.

"गेली की सगळी खळ. पन आता इथं कापड कोन विनतंय, बाय?"

"काका, प्रबंधात तुमचे आभार मानायचेत. नाव सांगा ना."

"नाव कशाला? लिव, सायझिंगवाला." मग फाटकाकडे बघत म्हणाले, "नको. ते पन न्हाय आता."