क्लोज म्हणजे चालू

एकोणीसशे चौसष्टच्या पौषात तमिळ मुलखातल्या पापनाशमच्या भातगिरणीत धान भिजवायची नवी टाकी बसली आणि तुळजारामअण्णांच्या डोक्याचा भुगा झाला. बावीस वर्षं त्यांनी त्या गिरणीतले वाफेचे आणि पाण्याचे नळ हातानं चालवले होते. चाक इकडे फिरवलं की पाणी यायचं, तिकडे फिरवलं की थांबायचं. भवानीच्या कृपेनं हात कधी चुकला नाही.

नव्या नळाला चाकच नव्हतं. पितळेचा ठोकळा, त्याला तीन तोंडं, आणि डोक्यावर डबीत तारेचं वेटोळं. पंपानं ढकललेलं बॉयलरचं गरम पाणी एका तोंडानं आत यायचं. उरलेल्या दोनांपैकी एक तोंड टाकीकडे, दुसरं परत बॉयलरकडे. वेटोळ्यात वीज आली की त्याचं लोहचुंबक होऊन आतला लोखंडी दट्ट्या वर ओढला जाई आणि पाणी टाकीकडे वळे. वीज गेली की स्प्रिंग दट्ट्याला खाली दाबी, पाणी परत बॉयलरकडे.

"तीन वाटांचा व्हाल्व आहे," वीजवाला नटराज म्हणाला.

"तिसरी कुठली? पाण्याला जायला मला दोनच दिसतात."

"आत यायची धरली नाहीत, अय्या."

अण्णांनी वाटा बोटांवर मोजून पाहिल्या. तीन भरल्या, पण मन भरेना. एका वेळी पाणी तर एकाच वाटेनं जाणार, मग तिन्हींचं कौतुक कशाला?

मालक सीतारामरावांनी मात्र स्पष्ट सांगितलं, "शुक्रवारी पहिला घाणा. जमलं तर टाकी तुमच्या हाती. नाही तर गोदामात पोती शिवायला बसा."

वाफ लागू नये म्हणून स्विच भिंतीपलीकडच्या खोलीत होता. शुक्रवारी नटराज तिकडे, अण्णा टाकीपाशी. पाणी काठाला आलं तसे अण्णा ओरडले, "नटराजा, क्लोज!"

"क्लोजच आहे, अय्या."

"अरे, पाणी येतंय. क्लोज कर."

"क्लोज आहे म्हणूनच येतंय."

हा आपली चेष्टा करतोय, असं अण्णांना वाटलं. तोवर पाणी काठावरून सांडलं, धान तरंगत निघालं, आणि दाराशी काढलेली मालकांची चप्पल त्याच्यामागून अंगणात गेली.

नटराजनं स्विच पाडून पाणी थांबवलं आणि तो धावत आला. "स्विच क्लोज केला की वीज वाहते, ओपन केला की थांबते."

"म्हणजे तू ओपन केलंस, म्हणून नळ बंद झाला?"

"आता कळलं तुम्हाला."

काही कळलं नव्हतं. मालक ओल्या पायांनी म्हणाले, "उद्या एकदा. शेवटचं."

घरी पानावर बसून अण्णांनी सगळं बायकोला, राजमला सांगितलं. ती म्हणाली, "त्यात नवल काय? आपण नाही का, बांगडी फुटली की वाढली म्हणत?"

"अगे, बांगडी वाढली म्हणून कोणाची चप्पल वाहून जात नाही."

ती हसत रसमची पळी पुढे करणार, तोच अण्णांनी न बोलता दोन्ही पंजे पानावर आडवे धरले. पळी थांबली.

"आता मला कसं कळलं?" राजम म्हणाली. "रामनवमीच्या पंगतीत भजनाच्या गलबल्यात कोण कुणाचं ऐकतं? हात आडवे दिसले की वाढणारा थांबतो. तुमचा नटराज काय कधी पंगतीत जेवला नाही?"

दुसऱ्या दिवशी अण्णांनी भिंतीतल्या छोट्या खिडकीपुढची पोती स्वतः हलवली आणि नटराजला खूण समजावली. पाणी काठाखाली वीतभर असतानाच त्यांनी खिडकीपुढे दोन्ही पंजे आडवे धरले. डबीत टक्क झालं. टाकीकडची धार तुटली, पाणी परत बॉयलरकडे गेलं.

"पोट भरलं काय, अण्णा?" मालकांनी विचारलं.

"टाकीचं भरलं, राव."

टाकी अण्णांच्या हाती राहिली. पण क्लोज केल्यावर पाणी का येतं, हे कोडं काही सुटलं नाही. नटराजनं कितीदा सांगितलं तरी ते मान डोलवायचे आणि घरी येईतो विसरायचे. त्या नादात एकदा जेवताना राजमनं भात पुढे केला तर ते म्हणाले, "क्लोज."

तिनं आणखी एक वाढणी घातली. "तुमचंच शास्त्र," म्हणाली.